कायोटी उत्तर देतो, पण येत नाही: शेतावरच्या कॉलिंगबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. पूर्व कॅन्ससमध्ये तुमची ४० एकर जमीन, त्यात ३५ शेळ्या-मेंढ्या. फेब्रुवारीपासून चार पिल्लं गेली. तुम्ही रिमोटवर चालणारं कॉलिंगचं, म्हणजे जनावरांचे आवाज वाजवून शिकार जवळ बोलावण्याचं, यंत्र आणलंत आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी घरामागच्या कुंपणाशी ठेवून सशाची किंकाळी, मग कायोटीची, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या रानटी जनावराची, कोल्हेकुई वाजवलीत. ओढ्यापलीकडून दर वेळी उत्तर येतं, पण एकही कायोटी जवळ आला नाही. यंत्र बदलू का, कोणता आवाज लावू, बंदूक कोणती घेऊ, असं विचारलंत.

यंत्रात खोट नाही. ते दहा-बारा दिवस बंद ठेवा. तीन आठवड्यांत ओढ्याकाठच्या कायोटीच्या जोडीला एवढं पक्कं कळलंय की या घराजवळ रोज त्याच वेळी ससा ओरडतो आणि तिथून माणसाचा वास येतो. आता जगातला कुठलाही आवाज लावलात तरी त्या कुंपणाशी ती येणार नाही. कॉलिंग बिघडतं ते बहुतेक वेळा पहिला आवाज निघण्याआधीच. गाडी कुठे लावली, कुठून चालत गेलो, वारा कुठला होता, यात बिघडतं. आवाजाचा नंबर फार नंतर लागतो.

मी मूळचा माण तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. १९९८ पासून मध्य कॅन्ससमध्ये आहे. इथे आर्कान्सा नदीला लोक आर-कॅन्झस म्हणतात, तिच्या काठच्या शेतांवर मी दर हिवाळ्यात बसतो. शिकवलं शेजारच्या एका वयस्कर पशुपालकाने, ज्याच्या गाई आमच्या कुंपणाला लागून चरायच्या. त्याने मला पहिली गोष्ट शिकवली ती बंदुकीची नव्हती, सुरीची होती.

मेलेलं पिल्लू सोलून बघायचं. तुमच्या चार पिल्लांपैकी एकही तुम्ही सोललं नाहीत असं दिसतं, त्यामुळे कायोटीनेच मारलं हे अजून ठरलेलं नाही. पुढचं पिल्लू सापडलं तर हातमोजे घालून मानेची आणि गळ्याची कातडी मागे ओढा. जिवंतपणी चावा बसला असेल तर कातडीखाली रक्त साकळलेलं दिसतं, मांस काळंनिळं झालेलं असतं. मेल्यावर कोणी खाल्लं असेल तर दातांची भोकं दिसतील, पण रक्त साकळलेलं नसेल. कायोटी मेंढीला सहसा गळ्यात, जबड्याच्या खालच्या बाजूला धरतो आणि गुदमरवतो. सुळ्यांच्या दोन भोकांमधलं अंतर साधारण सव्वा इंच भरतं. खायला सुरुवात बरगड्यांच्या मागून, कुशीतून करतो. याउलट मोकाट कुत्री मागच्या मांड्या, कान, शेपटी जिथे तोंड लागेल तिथे फाडतात, एका रात्रीत चार-पाच जनावरं जखमी करतात आणि खात मात्र फारसं नाहीत. ठसेही बघा. कायोटीचा ठसा लांबट अंड्यासारखा, नखं पुढे झुकलेली, आणि चाल दोरीने आखल्यासारखी सरळ. कुत्र्याचा ठसा गोल, बोटं पसरलेली, आणि तो इकडे-तिकडे हुंगत फिरतो.

अगदी नवजात पिल्लू असेल तर ते जिवंत जन्मलं होतं का तेही तपासा. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाका. श्वास घेतलेलं फुप्फुस तरंगतं, न घेतलेलं बुडतं. खुरांच्या टोकावरचा मऊ पापुद्रा तसाच असेल तर ते कधी उभंच राहिलं नव्हतं. मरून जन्मलेलं पिल्लू रात्री कायोटीने उचललं, तर त्यात त्याचा गुन्हा काही नाही. मी पाहिलेल्या प्रकरणांत निदान तिघांपैकी एकाचा संशय असा खोटा निघाला आहे.

एवढं मी का ताणतोय? कारण कायोटीची जोडी स्वतःची हद्द राखते. तुमच्या ओढ्याकाठची जोडी उंदीर, ससे, पडलेली फळं खाऊन राहत असेल आणि मेंढ्यांकडे बघत नसेल, तर ती तुमची राखण करते आहे, कारण दुसऱ्या कायोटीला ती तिथे ठरू देत नाही. तिला मारलंत तर महिन्याभरात रिकाम्या हद्दीत कोणीतरी तरणा येईल आणि त्याच्या सवयी तुम्हाला ठाऊक नसतील. सरसकट मारून हे जनावर कमी होत नाही, हे अमेरिकेने फार पैसे खर्चून पाहिलं आहे. सरकारी पातळीवर हिंस्र जनावरं मारण्याचा कायदा इथे १९३१ साली झाला. विष, सापळे, विमानातून गोळीबार, सगळं झालं. आणि आज कायोटी हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे. १९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी हिशेब मांडला: दर वर्षी शंभरातले ७५ मारत राहिलं, तरी जात संपायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील. संख्या घटली की उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, जास्त पिल्लं जगतात. म्हणून तुम्ही आणि मी आपल्या शेतावर जे करायचं ते एवढंच की मेंढ्या मारणारं नेमकं जनावर काढायचं.

आता मार्च संपत आला आहे, हे ध्यानात घ्या. कायोटीची जोडी जानेवारी-फेब्रुवारीत जुगते, साठ-बासष्ट दिवसांनी, म्हणजे कॅन्ससमध्ये साधारण एप्रिलच्या मध्याला, पिल्लं होतात. एका वेळी पाच-सहा. मेंढ्यांवर हल्ले वाढतात ते बहुतेक याच काळात, कारण सात-आठ तोंडं भरायची असतात आणि उंदरांवर ते भागत नाही. वायोमिंगमधल्या एका अभ्यासात, जो १९८३ साली छापला गेला, बिळातली पिल्लं काढून घेतल्यावर आईबाप जिवंत सोडूनही मेंढ्यांवरचे बहुतेक हल्ले थांबले होते. तेव्हा तुमच्या हातात दोन-अडीच आठवडे आहेत. मादी वीत नाही तोवर जे करायचं ते करा. त्यानंतर आई मारली तर पिल्लं बिळात उपाशी मरतात. ते मी करत नाही आणि कोणी करू नये असं मला वाटतं, जोवर रोज कोकरं जात नाहीत तोवर.

जमिनीकडे वळू. इथली शेतं चौकटीत आखलेली आहेत, दर मैलाला रस्ता, मधे ६४० एकरांचं सेक्शन, त्याचे चार भाग १६० एकरांचे. वरून सगळं उघडं दिसतं, पण कायोटीला लपायला जागा भरपूर आहे. जुन्या शेतांच्या कडेला हेजच्या रांगा आहेत, म्हणजे ऑसेज ऑरेंजची काटेरी झाडं. काटेरी तार येण्याआधी लोकांनी ती कुंपण म्हणून लावली होती. पुढे १९३४ ते १९४२ दरम्यान, धुळीच्या वादळांनंतर, सरकारने नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत वाऱ्याला आडव्या रांगांत २२ कोटींवर झाडं लावली. त्यातल्या कितीतरी रांगा अजून उभ्या आहेत. १९८५ पासून सरकार पैसे देऊन पडीक ठेवते ती सीआरपीची गवताळ शेतं आहेत, कमरेएवढ्या गवताची. आणि गोल फिरणाऱ्या पिव्हटने, म्हणजे पाणी देणाऱ्या यंत्राने, भिजत नाहीत असे शेतांचे कोपरे आहेत. दुपारी कायोटी निजलेला असतो तो अशा ठिकाणी, आणि ओढ्याच्या घळीत.

उन्हाळ्यापासून कापणीपर्यंत तो मक्यात राहतो. आपल्याकडे कोल्हा उसात राहतो ना, अगदी तसंच. मका आणि मायलो, म्हणजे इथली ज्वारी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघाली की नुसती धसकटं उरतात आणि जनावर उघड्यावर येतं. कॉलिंगचा खरा हंगाम तिथे सुरू होतो. तेव्हा त्या वर्षीची पिल्लं आईबापांपासून फुटून नवी हद्द शोधत असतात. ती अननुभवी आणि भुकेली असतात, सशाच्या किंकाळीवर धावत येतात. इंटरनेटवर दिसणारी बहुतेक चित्रफीत त्या काळातली असते. मार्चमधली हद्द धरून बसलेली जोडी वेगळी. तिला भुकेपेक्षा हद्दीची चिंता जास्त.

या दहा-बारा दिवसांत तुम्ही फक्त ऐका. संध्याकाळी दिवस मावळल्यावर आणि पहाटे उजाडायच्या अर्धा तास आधी घरापासून लांब, दोन वेगवेगळ्या जागी उभं राहून कोल्हेकुई कुठून येते ती दिशा कागदावर आखा. दोन रेघा जिथे छेदतात तिथे त्यांचा मुक्काम. संख्येवरून घाबरू नका. आवाज उड्या मारत, सूर बदलत येतो, त्यामुळे दोन कायोटी आठ-दहांसारखे ऐकू येतात. मग दुपारी त्या बाजूच्या पाणंदीवर, ओढा ओलांडायच्या जागी ठसे आणि विष्ठा बघा. विष्ठेत केस असतील तर काडीने उकलून बघा, लोकर आहे की सशाचे केस. नुसत्या लोकरीवरून शिक्षा ठरवू नका, पुरलेलं मढंही खाल्लेलं असू शकतं. पण सोललेल्या पिल्लावरचा चावा, ओढ्याकडून कुंपणापर्यंतचे ठसे आणि ही लोकर तिन्ही जुळलं, तर मग शंका राहत नाही.

आता वाऱ्याबद्दल, आणि इथे मला वेळ घालवायचा आहे.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका हेजच्या रांगेला टेकून मी लागोपाठ तीन पहाटा बसलो. काही आलं नाही. तिसऱ्या रात्री चार बोटं बर्फ पडला होता. शेजारी सकाळी आला, मला घेऊन शेताला फेरी मारली. कायोटीचे ठसे पाऊण मैलावरून सरळ माझ्या आवाजाकडे आले होते. तीनशे यार्डांवर ते वळले, अर्धं वर्तुळ घालून माझ्या पाठीमागे गेले. माझ्यापासून साठ पावलांवर बर्फात बसल्याची खूण होती. तिथून तो आल्या वाटेने परत गेला होता. मी पुढे बघत होतो आणि तो मागे बसून मला हुंगत होता. आपल्याकडचे जुने शिकारी म्हणायचे, जनावराला वारा लागला. तेच हे.

कायोटी डोळ्यांवर आणि कानांवर विश्वास ठेवतो, पण निकाल नाकाने करतो. आवाजाच्या जागेला फेरी घालून तिचा वास ज्या बाजूला येतो त्या बाजूला तो जाणार, हे गृहीतच धरायचं. त्याला अडवू नका. ती फेरी तुमच्या डोळ्यांसमोरून जाईल अशी बैठक लावा.

तुमच्या जागेपुरतं सांगतो. ओढा उत्तरेला, पूर्व-पश्चिम जाणारा. वारा पश्चिमेचा असेल अशी पहाट निवडा. गाडी दक्षिणेला, टेकाडाच्या आड, निदान पाव मैलावर ठेवा. दार आपटू नका, किल्लीने पीं वाजवून कुलूप लावू नका, आतला दिवा आधीच बंद करून ठेवा. बांधाच्या खालून, चरातून चाला, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी आकृती दिसेल अशा उंचवट्यावरून कधीही नाही. उत्तरेकडे तोंड करून सिडरच्या झाडाला पाठ लावून बसा, झाडाच्या मागे नाही, पुढे. मागे बसलात तर डोकवावं लागतं आणि हालचाल दिसते. पुढे बसलात की तुमची आकृती झाडात विरते. वारा आता डाव्या गालाला लागतोय, आणि तुमचा वास उजवीकडे, पूर्वेला चाललाय, ओढ्याकडे नाही. यंत्र तुमच्या डावीकडे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला चाळीस-पन्नास यार्डांवर ठेवा. ओढ्यातून निघालेला कायोटी यंत्राचा वास घ्यायला पूर्वेकडे वळतो, म्हणजे तुमच्या समोरून जातो. तुमच्या वासाच्या पट्ट्यात पोचायच्या आधी त्याला थांबवायचं. म्हणून तुमच्या उजव्या हाताला दीड-दोनशे यार्ड उघडं रान पाहिजे. तिथे गवत किंवा चर असेल तर ती बैठक सोडून द्या.

वारा तपासायला लोक पावडरची बाटली घेतात. मी मिल्कवीडच्या म्हाताऱ्या खिशात ठेवतो. आपल्या रुईच्या कुळातलंच झाड आहे, शेंग फुटली की तशीच रेशमी म्हातारी उडते. एक सोडायची आणि ती कुठे जाते ते शंभर यार्डांपर्यंत डोळ्यांनी बघायचं. पावडर दोन पावलांवर विरते. म्हातारी तुम्हाला सांगते की घळीच्या तोंडाशी वारा खाली वळतोय, झाडांच्या रांगेमागे तो उलटा फिरतोय. पहाटे थंड हवा उताराने ओढ्यात उतरते, ही गोष्ट मला तिनेच दाखवली. वारा ताशी पाच ते बारा मैल असेल तर उत्तम. त्याहून जास्त असेल तर आवाज पोचत नाही, आणि अगदी स्तब्ध असेल तर तुमचा वास चहूकडे साचतो.

वारा चुकीचा असेल तर घरी चहा प्या. बैठक जाळू नका. शेतजमिनीवर तुमच्याकडे अशा जागा दोन-तीनच असतात, आणि एका चुकीच्या पहाटेने एक जागा महिनाभर जाते.

आवाजाबद्दल. १८२३ साली थॉमस से या निसर्गतज्ज्ञाने नेब्रास्कातल्या मिसुरी नदीकाठच्या जनावराचं वर्णन केलं, तेव्हा त्याने शास्त्रीय नावच दिलं ते भुंकणारा कुत्रा अशा अर्थाचं, कॅनिस लॅट्रन्स. या जनावराचं सगळं बोलण्यात आहे. तुम्हाला ओढ्यापलीकडून जे उत्तर मिळत होतं त्याचा अर्थ ‘येतो’ असा नव्हता. संध्याकाळची ती सामूहिक कोल्हेकुई म्हणजे ‘ही जागा आमची आहे’ अशी हाळी. तुम्ही विचारलंत, त्यांनी सांगितलं, त्यांच्या दृष्टीने बोलणं संपलं.

सशाची किंकाळी वाजवून जनावर जवळ आणण्याचा धंदा जुना आहे. टेक्सासातल्या मार्बल फॉल्सच्या बर्नहॅम भावांनी १९५० च्या दशकात तोंडाने फुंकायच्या शिट्ट्या देशभर विकल्या, आणि त्यांच्या वडिलांना तर नुसते ओठ हाताला लावून तो आवाज काढता यायचा. त्यामुळे सशाची ही किंकाळी आज जवळजवळ प्रत्येक प्रौढ कायोटीने एकदा तरी ऐकलेली असते. मार्चमध्ये मी सुरुवात सादेने करतो. एकच लांब साद, एकसुरी, शेवटी हळूच उतरणारी. वाट चुकलेला एकटा कायोटी अशी देतो. भुंकून-भुंकून तुटक दिलेली आव्हानाची साद लावू नका. ती ऐकून तरणे पळतात आणि जुने लांबूनच भांडत बसतात.

बसल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच वाजवू नका, पाखरं पुन्हा बोलू लागू देत. मग एक साद, आणि चार मिनिटं गप्प. उत्तर आलं तरी लगेच परत बोलू नका, हा मोह फार मोठा आहे. मग सशाचा आवाज अगदी हळू, तीस-चाळीस सेकंद. शांत पहाटे तो लांबवर जातो, यंत्र पूर्ण मोठं करण्याची गरज नाही. ओढा दोनशे यार्डांवर असेल तर मोठा आवाज त्यांना खोटा वाटतो. पुन्हा दोन मिनिटं शांत. थोडा वाढवा. पंधरा मिनिटांनंतर कायोटीच्या पिल्लाच्या केकाटण्याचा आवाज दोन-तीन मिनिटं. जोडीला तो सहन होत नाही, विशेषतः मादीला. त्यानंतरही दहा मिनिटं बसून राहा. शरद ऋतूत मी पंधरा मिनिटांत उठतो, मार्चमध्ये अर्धा तास. जुनी जनावरं चालत येतात, धावत नाहीत. आणि एका बैठकीवर आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळ नाही.

हात, डोकं, गुडघा यांची हालचाल शून्य. बंदूक आधीच दोन पायांच्या टेकणीवर, रिमोट मांडीवर. उजव्या हाताने बार काढणाऱ्याची बंदूक डावीकडे सहज वळते, उजवीकडे अडते, म्हणून जिकडून जनावर अपेक्षित आहे त्याच्या थोडं उजवीकडे गुडघे ठेवून बसा. कायोटी चालत असेल तर तोंडाने एकदा हलकेच भुंका, ‘वुफ’. तो थांबून बघतो, दोन-तीन सेकंद. तेवढ्यात बार. धावत्या जनावरावर गोळी टाकू नका. जखमी कायोटी कुठल्याशा चरात जाऊन दोन दिवस मरत राहतो, आणि त्याची जबाबदारी आपली असते. छातीतला मर्माचा भाग जेमतेम सहा इंचांचा आहे. तेवढ्या कागदी थाळीवर, बसल्या जागेवरून, दमलेल्या श्वासाने पाचपैकी पाच गोळ्या जितक्या अंतरावरून लागतात तेवढंच तुमचं अंतर, मग ते ८० यार्ड असो की २००.

बंदुकीबद्दल थोडक्यात. .२२३ पुरेशी आहे, ५५ ग्रेनची पटकन फुटणारी गोळी, १०० यार्डांवर दीड इंच वर लागेल अशी लावून घ्या, म्हणजे २०० पर्यंत नेम धरताना हिशेब करावा लागत नाही. दाट झाडीत चाळीस यार्डांच्या आत बारा बोअर आणि जाड छर्रे अधिक बरे. यापुढे बंदुकीवर घालवलेले पैसे बैठक सुधारत नाहीत.

पण एक गोष्ट शंभरदा सांगेन. ती हलकी गोळी चुकली तर दीड-दोन मैल जाऊ शकते. सपाट प्रदेशात समोर काही दिसत नाही याचा अर्थ तिथे काही नाही असा होत नाही. शेजाऱ्याच्या गाई, पिव्हटचा चालक, शाळेची बस धूळ उडवत जाणारा मैलाचा रस्ता, सगळं तिथेच आहे. थोड्या उंचीवर बसा, म्हणजे गोळी खाली जमिनीत जाईल. कायोटीच्या मागे माती दिसत नसेल तर बार नाही, कितीही कोकरं गेली असली तरी. आणि गळ्यात पट्टा आहे का ते दुर्बिणीतून बघा. शेजाऱ्याचा राखाडी कुत्रा पहाटेच्या उजेडात अगदी कायोटी दिसतो. बंदुकीची दुर्बीण ओळख पटवायला वापरू नका, वेगळी दुर्बीण गळ्यात ठेवा.

कायद्याचं. कॅन्ससमध्ये कायोटीची शिकार वर्षभर खुली आहे, आणि स्वतःच्या शेतजमिनीवर राहिवासी मालकाला परवाना लागत नाही. तरीही तुम्ही परवाना काढा, आणि १ जुलै १९५७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना स्वतःच्या जमिनीबाहेर लागतं ते शिकारी प्रशिक्षणही पूर्ण करा. त्यामागे कारण आहे. तुम्ही लिहिलं नाहीत की ग्रीन कार्ड आहे की एच-वन-बी. एच-वन-बी, एच-फोर अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते. ‘माझी जमीन आहे, परवाना लागत नाही’ ही राज्याची सवलत तिथे कामाला येत नाही. आपल्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जणांना हे माहीत नसतं, आणि हे प्रकरण व्हिसावर जाऊ शकतं. शंका असेल तर बंदूक घरात आणण्याआधी वकिलाला विचारा. घरातल्या दुसऱ्या कोणाची बंदूक असली तरी हाच प्रश्न.

ओढ्यापलीकडची जमीन शेजाऱ्याची आहे. लेखी परवानगी घ्या, आणि मारलेलं जनावर पलीकडे जाऊन पडलं तर काय, तेही आधीच बोलून ठेवा. खांबांवर जांभळा रंग दिसला तर लेखी परवानगीशिवाय शिकारीला तिथे पाय टाकायचा नाही, असा त्याचा अर्थ. थर्मल, म्हणजे अंगाची उष्णता दाखवणारी दुर्बीण, लावून रात्रीची शिकार करायला वेगळा परवाना आणि ठराविक काळ आहे, तो त्या वर्षीच्या नियमपुस्तकात बघा. नवख्याने रात्रीच्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे. थर्मलमध्ये वासरू, कुत्रा आणि कायोटी तिन्ही पांढरे ठिपके असतात.

आणि सुट्टीत गावी गेलात की यातलं काहीही तिथे करू नका. कोल्हा, खोकड, लांडगा तिन्हींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, आणि आमच्या माणच्या माळावर लांडगा किती उरला आहे ते मला ठाऊक आहे.

कायोटी मिळाला तर हातमोज्यांशिवाय हात लावू नका. खरूज, पिसवा, गोचीड, क्वचित रेबीजही असतो. या दिवसांत कातडं घासून विरळ झालेलं असतं, त्याला किंमत नाही, तेव्हा खोल खड्डा करून पुरा. पोट उघडून बघितलंत तर शेवटची खात्रीही होते. लोकर, खुराचा तुकडा सापडला तर योग्य जनावर मिळालं. उंदरांचे केस निघाले तर थांबा, दुसऱ्याला मारू नका, आधी आठवडाभर कळप मोजा. बक्षिसं लावून कायोटी मारायच्या स्पर्धा इथे गावोगाव होतात, कॅलिफोर्नियाने त्यातल्या बक्षिसांवर २०१४ साली बंदी आणली. तुम्हाला बोलावणं येईल, कारण तुमच्याकडे ओढा आहे. मी जात नाही, आणि माझ्या जमिनीवर येऊ देत नाही. कोणतं जनावर कशासाठी मारलं याचं उत्तर ज्याला देता येत नाही त्याने बार काढू नये.

आता या आठवड्यातली कामं. वहिनींनी लिहिलं आहे की मेलेलं पहिलं करडू शेताच्या टोकाला टाकलं होतं. तिथूनच हे सगळं सुरू झालं असण्याची शक्यता मोठी आहे. व्यायल्यावर पडलेली वार, मढी काहीही उघड्यावर टाकू नका, त्याच दिवशी पुरा किंवा उचलून नेणाऱ्याला द्या. व्यायला झालेल्या शेळ्या-मेंढ्या रात्री घराजवळच्या वाड्यात, दिव्याच्या उजेडात, निदान पिल्लं तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत. आमच्याकडे धनगर रात्री वाघर लावून कळप आत घेतात आणि कुत्री बाहेर सोडतात, त्यात कैक पिढ्यांचा अनुभव आहे. इथे जाळीच्या कुंपणाखाली जमिनीपासून सहा इंचांवर एक विजेची तार ओढा. कायोटी उडी मारण्याआधी खालून घुसायला बघतो.

आणि कुत्रा घ्या, दोन घेतलेत तर उत्तम. ग्रेट पिरेनीज किंवा अ‍ॅनाटोलियन, काम करणाऱ्या आईबापांचं पिल्लू, आठ आठवड्यांचं, आणि पहिल्या दिवसापासून शेळ्यांमध्येच ठेवा, घरात नाही. मुलांना लळा लावू देऊ नका, लळा शेळ्यांचा लागला पाहिजे. दीड-दोन वर्षं लागतात त्याला पुरतं शहाणं व्हायला, म्हणजे या वर्षीच्या वेतांना त्याचा उपयोग नाही. या वर्षी वाडा, तार, आणि दहा दिवसांच्या शांततेनंतर पश्चिमेच्या वाऱ्याची एक पहाट. त्या पहाटे निघण्याआधी एक म्हातारी सोडून बघा. ती ओढ्याकडे गेली, तर त्या दिवशी बसू नका.